रक्ती, शुक्रवार आणि नारळाचं दूध

नगर जिल्ह्यात राहुरी-श्रीरामपूरकडे ख्रिस्ती वस्तीची गावं बरीच. रविवारची मिस्सा सुटली, की घरी जाता जाता पाय मटणाच्या दुकानाकडे वळतात. अर्धा किलो मटण, जमलं तर मुंडी-पाय, आणि खाटीक ओळखीचा असला तर वाटीभर रक्ती. रक्ती म्हणजे बोकडाचं गोठलेलं रक्त. कांदा, मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर परतलं की बाजरीच्या भाकरीबरोबर त्याला तोड नाही, असं खाणारे सांगतात.

आता गंमत बघा. त्याच घरात फळीवर जे बायबल आहे, त्यातल्या लेवीयच्या पुस्तकात रक्त खायला सक्त मनाई आहे. प्राण्याचा जीव रक्तात असतो, म्हणून ते जमिनीवर सोडायचं, ताटात घ्यायचं नाही. हा जुना करार झाला, तो ज्यूंसाठी, असं म्हणून सुटका करून घ्यावी, तर नव्या करारातही तेच. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पंधराव्या अध्यायात इसवी सन ५०च्या आसपास यरुशलेमेत भरलेल्या सभेची हकिकत आहे. ज्यू नसलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांवर मोशेचं सगळं नियमशास्त्र लादायचं नाही, असं त्या सभेनं ठरवलं. मात्र चार गोष्टी वर्ज्य ठेवल्या: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचं मांस आणि व्यभिचार.

मग रक्ती चालते कशी? ‘चालतं’ हे आपल्याकडचं फार उपयोगी क्रियापद आहे. साबुदाणा उपवासाला चालतो, कोथिंबीर एका घरात चालते आणि शेजारच्या घरात चालत नाही, आणि हे ठरवायला कुणी धर्मपीठ भरवत नाही. आजी सांगते, विषय संपतो. ज्यू आणि कॅथलिक या दोन धर्मपरंपरांत मात्र ‘चालतं’ कुणी म्हणायचं आणि कशाच्या आधारावर म्हणायचं, यावर दोन हजार वर्षं काथ्याकूट झाला आहे. नियमांच्या याद्या कुठेही मिळतात. मला त्यांतल्या सवलतींचं कुतूहल जास्त आहे, कारण माणूस नियमाला काय समजतो ते सवलत देताना उघडं पडतं.

रक्तीचा निकाल कॅथलिक चर्चनं असा लावला. इसवी सन ४००च्या सुमारास संत ऑगस्टीननं लिहून ठेवलंय, की रक्त न सांडता मारलेला ससा किंवा पाखरू खायला आता कुणी ख्रिस्ती माणूस कचरत नाही. कचरलाच तर बाकीचे त्याला हसतात. म्हणजे लोकांनी नियम आधीच सोडला होता. पुढे १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेनं त्याचं कारणही कागदावर आणलं. ज्यू आणि परजातीय नुकतेच एका पंगतीला बसू लागले होते, त्यांना एकमेकांची किळस येऊ नये म्हणून तो नियम होता. आता ती परिस्थिती नाही. कारण संपलं, नियम संपला.

ज्यू धर्मशास्त्र या वाक्याला मान हलवणार नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिदीस या ज्यू पंडितानं आहाराच्या नियमांची कारणं शोधली, नाही असं नाही. मांस आणि दूध एकत्र करू नये, कारण बहुधा मूर्तिपूजकांच्या सणात तसं शिजवत असावेत, असा त्याचा एक तर्क होता. पण तर्क खरा ठरला आणि जगातले सगळे मूर्तिपूजक उद्या संपले, तरी म्हणून दुधात मटण शिजवायची परवानगी मिळेल असं त्याच्याही मनात आलं नाही. आज्ञा देवाची, कारण कळलं तर आनंद, न कळलं तरी ती आज्ञाच. म्हणून ज्यू घरात मटण अजूनही अर्धा तास पाण्यात भिजवून, तासभर जाड मीठ लावून, रक्त उतरवून मगच शिजवतात. काळजात रक्त इतकं असतं, की मिठाचा इलाज पुरत नाही. ते सरळ जाळावर भाजावं लागतं.

एकीकडे नियम कारणाला टांगलेला, दुसरीकडे नियम स्वतःच्या पायावर उभा. पुढचं सगळं इथून फुटतं.

आधी कॅथलिकांचा शुक्रवार. नगर जिल्ह्यातले कॅथलिक १९८७पासून नाशिकच्या धर्मप्रांतात येतात. त्याआधी पुण्याचा धर्मप्रांत होता. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू झाला, की राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस, शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट आणि घरात मटण-कोंबडी बंद. आपण या सगळ्याला सरसकट उपवास म्हणतो, पण चर्चच्या कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मांस वर्ज्य करणं आणि दुसरं जेवण कमी करणं. मांसवर्जन चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर लागू होतं आणि मरेपर्यंत सुटत नाही. जेवण कमी करण्याचा उपवास, म्हणजे दिवसात एकच पोटभर जेवण आणि बाकी थोडंथोडकं, हा अठरा पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. आणि तोही वर्षातून फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. साठी उलटलेली आजी हट्टानं उपाशी राहते ती स्वतःच्या मर्जीनं, कायद्यानं नव्हे.

मांस म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न, आणि इथे युरोपातल्या पंडितांनी बहार उडवून दिली आहे. बोकड, डुक्कर, गाय, कोंबडी हे मांस. मासे मांस नव्हेत. आजच्या नियमात अंडी, दूध आणि चरबीची फोडणीही मांसात धरत नाहीत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या चर्चच्या पंडिताच्या वेळी मात्र अंडी आणि दूधही उपवासकाळात बंद असत. त्याचा तर्क होता, की जमिनीवर राहून श्वास घेणारी जनावरं माणसाला जवळची, म्हणून त्यांचं मांस चवीला गोड आणि अंगाला लागणारं. वासना शमवायची तर तेच सोडावं. तर्क एकदा ‘जमीन आणि पाणी’ असा मांडला, की पाण्यात राहणाऱ्या जनावराचं काय करायचं? कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत बीव्हर हा पोहणारा, चपट्या शेपटीचा प्राणी उपवासाला चालू लागला. व्हेनेझुएलात कापिबारा, म्हणजे डुकराएवढा दलदलीतला उंदीर, आजही ईस्टरच्या आधी खातात. २०१० साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपांनी मगरीच्या जातीचा अ‍ॅलिगेटर शुक्रवारी चालतो, असं पत्र लिहून कळवलं. हसू येतं. पण बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची, अमेरिका खंडातून आलेला हा सगळा ऐवज ज्यांनी एकादशीच्या ताटात बसवला, त्यांनी जरा बेतानंच हसावं.

पैसे देऊन सूट घेण्याचीही सोय होती. स्पेन-पोर्तुगालच्या राज्यांत एक परवानापत्र विकत मिळे, त्यावर उपवासाच्या बऱ्याच दिवशी अंडी, दूध, प्रसंगी मांसही खाता येई. फ्रान्समध्ये रूआँच्या कॅथीड्रलचा एक मनोरा ‘लोण्याचा मनोरा’ म्हणून ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खायच्या परवानगीसाठी लोकांनी भरलेल्या पैशातून तो उभा राहिला, असं सांगतात. या प्रकारावर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

पण या भानगडीमागे एक नीट विचार आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. १९८३च्या कॅनन लॉचं, म्हणजे चर्चच्या कायद्याचं, कलम १२४९ म्हणतं, की प्रायश्चित्त करणं हे देवाच्या कायद्यानंच प्रत्येकावर बंधनकारक आहे. शुक्रवार हा वार आणि मांस हा पदार्थ मात्र चर्चनं ठरवला. जे चर्चनं बांधलं ते चर्च सोडू शकतं. देशातल्या बिशपांची परिषद मांसाऐवजी दुसरं काही, विशेषतः दानधर्म किंवा प्रार्थना, ठरवू शकते. आपल्या धर्मप्रांताला बिशप सूट देऊ शकतात, आणि सबळ कारण असेल तर गावच्या चर्चचे फादरही एखाद्या माणसाला मोकळं करू शकतात. पोप सहावे पॉल यांनी १९६६च्या फेब्रुवारीत जुने कडक नियम सैल केले, ते याच अधिकारात. शिवाय ज्याला खरंच झेपत नाही, तो परवानगी न मागताही सुटतो. आजारी माणसानं, गरोदर बाईनं फादरांची चिठ्ठी आणायची नसते.

अक्वायनसनं या बाबतीत दोन माणसांचा विचार केलाय, तो मला त्याच्या सगळ्या तर्कशास्त्रापेक्षा आवडतो. एक, अंगमेहनतीचं काम करणारा मजूर. काम पुढे ढकलता येत नसेल आणि उपाशीपोटी होत नसेल, तर त्याला उपवास नाही. दुसरा, दारोदार तुकडा तुकडा मागून खाणारा भिकारी. त्याला एका वेळी पोटभर मिळतच नाही, तर ‘दिवसात एकदाच पोटभर’ हा नियम त्याला लावायचा कसा? उपवासकाळ येतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्या वेळी नगर जिल्ह्यात कारखान्यांचा गळीत हंगाम सरत आलेला असतो आणि फडात पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं पहाटेपासून कोयता चालवत असतात. त्यांतला कुणी कॅथलिक असला, तर सातशे वर्षांपूर्वी इटलीतल्या त्या पुस्तकपंडितानं त्याला आधीच सोडून दिलंय.

माझी एक तक्रार मात्र आहे. ज्या घरात मटण महिन्यातून एकदा शिजतं, त्या घराला शुक्रवारी मटण सोडायला सांगणं म्हणजे कोरड्या विहिरीवर उपसाबंदी. आणि मासे चालतात म्हणून शुक्रवारी पापलेट आणावं, तर पापलेटचा भाव बोकडाच्या वर. युरोपच्या किनाऱ्यावर मासा हा गरिबाचा घास होता, नगरच्या पठारावर तो तसा कधीच नव्हता. नेवासा-शेवगावला नाथसागराच्या फुगवट्याचे मासे मिळतात हे खरं, पण तेही धरण झाल्यानंतरचं सुख. नियमाचा हेतू साधेपणाचा असेल, तर इथे पिठलं-भाकरी त्या हेतूच्या जास्त जवळ जाते. १९८३चा कायदाही मांसाबरोबर ‘किंवा बिशप परिषद ठरवील तो दुसरा पदार्थ’ अशी फट ठेवतो, ती बहुधा याच जाणिवेनं.

ज्यू परंपरेत अशी सूट देणारा बिशप नाही. डुक्कर, कोळंबी, खेकडा, मांसाबरोबर दूध यांना मुख्य रब्बीही एका दिवसापुरतं ‘चालतं’ म्हणू शकत नाही, कारण नियम त्याचा नाही. तो एवढंच करू शकतो: ग्रंथातली दुसरी आज्ञा शोधायची, जी पहिलीपेक्षा भारी पडेल. त्यांतली सगळ्यात भारी आज्ञा म्हणजे जीव वाचवणं. लेवीयच्या अठराव्या अध्यायात हे विधी पाळून माणूस जगेल, असा आशय आहे. तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या पंडितांनी त्यावर बोट ठेवलं: जगेल म्हटलंय, मरेल नाही. म्हणून मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध हे तीन सोडून कुठलाही नियम जीव वाचवण्यासाठी मोडता येतो. नव्हे, मोडलाच पाहिजे.

योम किप्पूर हा ज्यूंचा सगळ्यात कडक उपवास, सुमारे पंचवीस तास, पाण्याचा थेंबही नाही. तालमूदच्या ‘योमा’ या भागात एक प्रश्न येतो. गरोदर बाईला त्या दिवशी शेजारच्या स्वयंपाकाचा वास आला आणि खायची अनावर इच्छा झाली, तर? मराठीत याला डोहाळे हा नेमका शब्द आहे. उत्तर असं, की आधी तिच्या कानात हळूच सांगा, आज योम किप्पूर आहे. तेवढ्यानं ती शांत झाली तर ठीक. नाही झाली, तर तिचं मन भरेपर्यंत तिला खायला घाला. आजाऱ्याबद्दलही तसंच. वैद्य म्हणतात गरज आहे, रोगी म्हणतो नको, तर वैद्यांचं ऐका. वैद्य म्हणतात गरज नाही आणि रोगी म्हणतो हवं, तर रोग्याचं ऐका, शंभर वैद्य विरुद्ध असले तरी. ज्याचं दुखणं त्यालाच ठाऊक.

आणखी एक बारकावा. भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी आलेल्या माणसाला निषिद्धही खायला घालावं, पण त्यातही ज्याचा दोष हलका ते आधी. आजही मधुमेही किंवा आजारी माणसाला रब्बी सांगतात, की शक्य असेल तर एकदम जेवू नकोस. थोडं खा, काही मिनिटं थांब, पुन्हा थोडं खा. त्यानं जीव वाचतो आणि नियम अगदी कमीत कमी मोडतो. सवलत मिळाली म्हणजे दार सताड उघडलं असं नाही. लागेल तेवढंच किलकिलं करायचं.

नगरला हा प्रश्न अगदीच पुस्तकी नव्हता. १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं, तेव्हा ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जर्मन पासपोर्टच्या पुरुषांना पकडून नगरच्या छावणीत आणलं. त्यांत हिटलरच्या तावडीतून निसटून आलेले ज्यूही होते. शत्रूपासून पळालेल्यांना शत्रू म्हणूनच कैद, असा तो न्याय. सक्तीनं लादलेल्या परिस्थितीत माणूस दोषी धरायचा नाही, हे ज्यू कायद्याचं जुनं तत्त्व आहे. कैद्याच्या ताटात काय पडतं, यावर कैद्याचा ताबा नसतो.

आणि अपघात झाला तर? मटणाच्या रश्श्यात चुकून दुधाचे थेंब उडाले, तर हिशोब साठाचा. दुधाच्या साठपट रस्सा असेल आणि दुधाची चव लागत नसेल, तर ते दूध नाहीसं झालं असं समजायचं. मुद्दाम ओतलं असेल तर हा हिशोब लागू नाही. आणि वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, आठवड्यात खमीर लागलेल्या धान्याचा कण पडला, तर साठपट काय नि हजारपट काय, सुटका नाही. त्याच सणात गहू, जव आणि त्यांच्या जातीची मिळून पाच धान्यं आंबली की निषिद्ध होतात. युरोपातल्या ज्यूंनी काळजीपोटी तांदूळ, डाळी, बाजरी हेही कुंपणाबाहेर ठेवलं; मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या सेफार्दी ज्यूंनी तांदूळ सोडला नाही. नगरची बाजरीची भाकरी त्या आठवड्यात चालेल का, याचं उत्तर यजमान कुठल्या घराण्यातला आहे यावर ठरेल. घराण्याची रीत मोडायची नाही, हे आपल्याला काही नवं नाही.

ही सगळी घासाघीस ग्रंथ हाताशी असणाऱ्यांची. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंकडे ग्रंथ नव्हते. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची कथा. पुढे कित्येक शतकं ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनवार तेली’. तालमूद ठाऊक नाही, रब्बी नाही, हिब्रू प्रार्थनेतली एक ओळ तेवढी तोंडात. डेव्हिड राहबी नावाचा पंडित त्यांच्यात आला, तेव्हा त्यानं म्हणे बायकांपुढे टोपलीभर मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे निवडून बाकीचे बाजूला सारले, आणि त्याला पटलं की ही माणसं आपलीच. राहबीच्या काळाबद्दल अभ्यासकांचे वाद आहेत, पण कथेचं मर्म बायकांच्या हातात आहे. तिथे शास्त्रार्थ झाला नाही. मासे निवडले गेले. त्यानं मग तिघांना शिकवून तयार केलं, तेच या समाजाचे पहिले काजी.

सणांची नावं पाहा. वल्हांडण त्यांच्याकडे ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणून उरला होता, अनाशी म्हणजे आंबट कालवणाचं भांडं, ते झाकून ठेवायचा सण. मिसरातून सुटकेची गोष्ट विसरली गेली असेल, पण आंबवलेल्याला या दिवसांत हात लावायचा नाही, हे स्वयंपाकघराला आठवत राहिलं, असं मी त्याचं वाचन करतो. यरुशलेमच्या पाडलेल्या मंदिराचा शोक ‘बिरड्याचा रोजा’ झाला. बिरडं वालाचं, रोजा शेजारच्या मुसलमानांचा. योम किप्पूर म्हणजे दारं लावून घरात बसायचा ‘दारफाळणीचा सण’.

मांसाबरोबर दूध नाही, हा नियम त्यांना कोकणानं सोपा करून दिला. सागोतीला नारळाचं दूध, सणाच्या चिकाच्या हलव्यालाही नारळाचंच दूध. युरोपात मांसात बदामाचं दूध घालायचं, तर ताटाजवळ चार बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला हे जनावराचं दूध वाटणार नाही, असं सोळाव्या शतकातल्या पोलंडच्या एका रब्बीनं लिहून ठेवलंय. कोकणात पांढरा रस्सा पाहून गाईचं दूध कुणाच्या मनातही येत नाही, तेव्हा ताटाजवळ करवंटी मांडायची वेळ कुणावर आली नाही. उलट्या दिशेचं उदाहरण गोमांसाचं. गाय ज्यू नियमांत पूर्ण शुद्ध. तरी बेने इस्रायलांनी हिंदू शेजाराला मान देऊन ती वर्ज्य केली आणि पुढे काहींना तो आपल्या धर्माचाच नियम वाटू लागला. शास्त्रात सूट होती. शेजारधर्मानं ती काढून घेतली.

१९४८नंतर यांतली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे १९६०च्या दशकात रब्बींनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतली: तुम्हाला घटस्फोटाचा शास्त्रोक्त विधी ठाऊक नव्हता, मग तुमची वंशशुद्धी कशी मानायची? मोर्चे निघाले, धरणं धरली गेली आणि १९६४मध्ये रब्बींना माघार घ्यावी लागली. खवले बघून मासा निवडण्याची परीक्षा राहबीला पुरली होती. कागद मागणाऱ्यांना ती पुरली नाही.

आपल्या नगरकडे परत येतो. नगरमध्ये राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना आठवेल, की त्यांचे पती टिळक ख्रिस्ती झाले तरी लक्ष्मीबाईंचं सोवळं बराच काळ सुटलं नव्हतं. टिळक दांपत्य प्रोटेस्टंट, त्यामुळे शुक्रवारचा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. पण ताटातला धर्म मनातल्या धर्मापेक्षा हळू बदलतो, हे त्या पुस्तकाइतकं हसत-खेळत कुणी सांगितलेलं नाही. नव्या करारात यापो गावी गच्चीवर भुकेल्या प्रेषित पेत्राला चादरीत भरलेले सगळे शुद्ध-अशुद्ध प्राणी दिसले आणि खा म्हणून आवाज आला, तेव्हा तोही तीनदा नाही म्हणाला होता.

आता कॅलेंडर काढून २०२७चा मार्च बघा. १९ तारखेला शुक्रवार आहे आणि त्याच दिवशी संत योसेफाचा महोत्सव. कॅनन लॉचं कलम १२५१ सांगतं, की शुक्रवारी महोत्सव आला तर मांसवर्जन लागू नाही. म्हणजे ऐन उपवासकाळातल्या त्या शुक्रवारी मटणाच्या दुकानापुढे उभं राहायला कुणाची परवानगी लागणार नाही, आणि रक्ती तर १४४२पासून मोकळीच आहे. मात्र पुढच्या शुक्रवारी, २६ला, गुड फ्रायडे. त्या दिवशी खाटकानं ओळख दाखवली तरी उपयोग नाही.